चेक चित्रकाराचं अमूर्त डोंगराचं पेंटिंग ऑनलाइन विकायला आहे, घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की कॅनव्हास १०० बाय ८० सेंमी, ॲक्रिलिक, किंमत लाखाच्या आसपास, आणि बायको म्हणतेय यात डोंगर कुठंय, नुसते आडवे पट्टे दिसतायत. वहिनींना सांगा की पट्टे आहेत म्हणूनच तो तिकडचा डोंगर वाटतोय!

मी चार वर्षं नोकरीसाठी प्रागला होतो, सुट्टी मिळाली की क्रकोनोशे डोंगरात जायचो. तिथलं स्न्येझ्का हे चेकियातलं सगळ्यात उंच शिखर, १६०३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं कमीच, पण वरती झाडं संपतात, नुसती खुरटी पाइन आणि गवत, आणि डोंगराला आपल्या सह्याद्रीसारखे कडे फार कमी, गोल गोल पाठी एकामागे एक. हिवाळ्यात खाली दरीत आठवडा आठवडा धुकं साचून राहतं आणि वर लख्ख ऊन, त्याला ते लोक इन्व्हर्झे म्हणतात आणि ते बघायला मुद्दाम वर चढतात. वरून खरंच एवढंच दिसतं, खाली पांढरा पट्टा, मग निळा, मग राखाडी, मग आभाळ. पट्ट्यांमधे उभ्या करड्या रेघा असतील तर मला शेजारचे यिझेरा डोंगर आठवतील, ७०-८० च्या दशकात कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुराने, ॲसिड रेनने तिथली स्प्रूसची (सूचिपर्णी झाडं) जंगलंच्या जंगलं वाळून गेली होती, त्या रेघा म्हणजे ते वाळलेले बुंधे.

आणि अमूर्त हे तिकडे काही नवीन फॅड नाही. फ्रांतिशेक कुप्का हा चेक माणूस, त्याने १९१२ मधे पॅरिसच्या प्रदर्शनात ‘आमोर्फा’ लावलं, ज्यात ओळखीची वस्तू एकही नाही. ते आता प्रागच्या नॅशनल गॅलरीकडे आहे, समोर उभं राहिलं की दोन मीटरच्या वर असलेला तो लाल-निळा गोंधळ अंगावरच येतो. पण म्हणून प्रत्येक चेक अमूर्त चित्राची किंमत वाढेल असं धरून चालू नका, गुंतवणूक म्हणून तर अजिबात नको.

आता पैशाचं. मी एकदा फसलोय, ओरिजिनल म्हणून आलं ते कॅनव्हासवरचं प्रिंट निघालं, वर पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारलेले, हाताला खडबडीत लागतं पण रंग त्या फटकाऱ्यांबरोबर बदलत नाही. म्हणून विक्रेत्याकडे बाजूने उजेड पाडून काढलेला फोटो मागा, मागच्या बाजूचा मागा, कडांचाही मागा. रंग जाड थापलेला असेल तर गुंडाळी करून पाठवू देऊ नका, ॲक्रिलिक थंडीत कडक होतं आणि तडकतं, फ्रेमसकट लाकडी पेटीत महाग पडतं पण तेच बरं. कस्टम्स आणि टॅक्स वेगळा लागतो तो आधी कुरिअरवाल्याला विचारून घ्या. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, मागून बुरशी येते.

आणि चित्रकाराला मेल करून सरळ विचारा, कुठला डोंगर, कुठला महिना. माझ्याकडचं दुसरं चित्र (हे खरं निघालं) एका बाईंचं आहे, त्यांनी उत्तरात गावाचं नाव, बसस्टॉप आणि त्या दिवशी बूट कसे भिजले ते सगळं लिहून पाठवलं होतं, मग मी घासाघीस केलीच नाही.