मुलाचा सट्टा आणि शनिवारची रमी

ताई, तुम्ही लिहिलंय की अकरावीतल्या मुलानं तुमच्या खात्यातून थोडे थोडे करत 38 हजार रुपये क्रिकेटच्या सट्ट्यात घालवले, वर आणखी उधारी करून ठेवली. त्याचे बाबा म्हणतात, 'पैसे भरून टाकू, पट्ट्यानं सोलून काढतो, विषय संपला.' शेवटी तुम्ही सहज सांगितलंय की तेही दर शनिवारी मित्रांबरोबर पैसे लावून रमी खेळतात. मला आधी त्या रमीबद्दलच बोलायचंय.

माझे वडील मटका लावायचे. आठ-नऊ वर्षांचा होतो, तेव्हा आकड्याची चिठ्ठी घेऊन पानटपरीवर मीच जायचो. सकाळी उठल्या उठल्या ते विचारायचे, 'काय स्वप्न पडलं रे?' साप दिसला, विहीर दिसली, त्यावरून आकडा काढायचे. आकडा लागला की घरी जिलेबी यायची आणि त्या संध्याकाळी ते माझ्याशी फार मायेनं बोलायचे. गेलेल्या पैशांबद्दल मात्र घरात चकार शब्द निघत नसे. सतराव्या वर्षी मी आईची बोरमाळ गहाण टाकली, तेव्हा याच वडिलांनी मला बेदम मारलं. मला लाज वाटली नाही, त्यांचा राग आला. पुढची सहा वर्षं मी नीट लपवून खेळलो. आईनं दोनदा गुपचूप उधारी फेडली, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात मी परत बसलो.

म्हणून मारही नको आणि गुपचूप भरणाही नको. बाबांनी शनिवारचा डाव बंद करावा आणि आजवर किती हरलो ते मुलासमोर खरं सांगावं. हे जड जाईल, पण त्याशिवाय त्यांच्या शब्दाला मुलाच्या लेखी किंमत नाही. मग बँकेचं स्टेटमेंट घेऊन तिघं बसा. प्रत्येक रक्कम मुलानं स्वतःच्या हातानं लिहावी, जिंकलेलीसुद्धा. खेळणाऱ्याला जिंकलेलं तेवढं आठवतं. मला हिशेब कळला तो मटक्यावरूनच: आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर रुपया लावला, तरी एक रुपया जातोच.

उधारीवर आयडी, म्हणजे सट्टा लावायचं ऑनलाइन खातं, देणारा धमकावत असेल तर घाबरू नका. करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा पैसा कोर्टातून वसूल होत नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा आहे ती असे पैशांचे खेळ चालवणाऱ्याला आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला, नुसतं खेळणाऱ्याला नाही. धमकीचे मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. मुलानं कुणाला स्वतःचं बँक खातं वापरायला दिलंय का, तेही विचारा. त्यात तो खरोखर अडकू शकतो. तुमचा यूपीआय पिन आजच बदला.

आणि एक प्रश्न न कचरता विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत. कर्ज उघडं पडलेलं पोर आतून फार एकटं असतं, मी ते सोसलंय. उत्तर 'हो' आलं, किंवा तो नुसता गप्प बसला, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

मानसिक आरोग्यासाठी मदत करणाऱ्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलगा तयार होईपर्यंत थांबू नका. बाबा रमी सोडायला तयार नसले तरी आज रात्री तुम्ही स्वतः फोन लावा.