थंडी सुरू झाली की मन उदास होतं, त्यात पैशाची ओढाताण. तुम्ही काय करता?

करवीर तालुक्यातला ऊसवाला आहे मी. तीन वर्षांपूर्वी माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहितोय.

आमच्याकडं शेतीची लाईट आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची. त्या डिसेंबरात रात्री बाराला बॅटरी घेऊन पाणी पाजायला जायचो. सरीत पाय घातला की बोटं बधिर. एक दारं मोडायचं, म्हणजे माती सारून सरीत पाणी सोडायचं, बांधावर बसायचं, पाणी शेवटाला पोचलं की दुसरं मोडायचं. पहाटे येऊन झोपलो की उठायला बारा. पुढंपुढं दिवसाची लाईट असली तरी बाराच वाजायला लागले.

त्यात उसाला तुरा आलेला, वजन घटतंय आणि कारखान्याची तोड मिळेना. चिटबॉयला (कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस) फोन लावला की "पुढच्या आठवड्यात". शेवटी ऊस गेला, तर बिल अडकलं. नियमानं एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते, मला दोन महिन्यांनी मिळाली. तोवर जेवण जाईना, दारात कोण आलं तर आत जाऊन पडायचो.

एक दिवस सहाला बायकोनं हलवून उठवलं. "म्हैस पान्हा चोरतीय. तुमच्या हाताची सवय हाय तिला. उठा." चिडूनच गेलो. धार काढून बाहेर आलो तर ऊन पडलेलं. कितीतरी दिवसांनी सकाळचं ऊन बघितलं. त्यानं सगळं बरं झालं असं मुळीच नाही, पण दुसऱ्या दिवशी परत उठलो.

नंतर कोल्हापूरच्या सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात गेलो. (तिथं ओळखीचं कोण भेटेल म्हणून आधी दोनदा दारातनं परत आलो होतो.) डॉक्टर म्हणाले, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं. थेट उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दिवसच सात-आठ तासांचा, तिथं हा त्रास जास्त. आपल्याकडं डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. म्हणजे ऊन होतंच, मीच त्या वेळेला झोपलेलो.

पैशाची काळजी मात्र उन्हानं जात नाही, ती वेगळी धरा. मी कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला आपण होऊन सांगितलं की बिल अडकलंय. कर्ज तेवढंच राहिलं, पण त्याला बघून गल्ली बदलायची वेळ गेली.

दोन आठवडे झाले तरी झोप, जेवण ताळ्यावर येत नसेल तर दवाखाना गाठा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला तर दोन आठवडे थांबूच नका, घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. सरकारी टेलिमानस आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात.

यंदाही तोड अजून मिळालेली नाही. उद्यापासून रात्रीची लाईट, पण शेजाऱ्याशी बोलून पाळी लावलीय. उद्याची रात्र त्याची.