बास ड्रम नुसता ठेका धरायला असतो का? जॅझ, रॉक, रेगेमध्ये त्याचं काम वेगळं असतं का?

असतं, आणि चांगलंच वेगळं असतं. मी पुण्यात हौसेने ड्रम्स वाजवतो, त्याआधी चार वर्षं गणपतीत ढोल पथकात होतो, त्यामुळे ड्रमसेटवर बसलो तेव्हा डोक्यात एकच, किक (पायाच्या पेडलने वाजणारा बास ड्रम) जितकी जोरात तितकी भारी. सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की पेडल असं दाब की मला किक ऐकू येता कामा नये, पण थांबवलीस तर काहीतरी गेलं हे कळलं पाहिजे. मला वाटलं चेष्टा करतायत.

तर ते जॅझचं काम होतं. स्विंगच्या, म्हणजे १९३०च्या दशकातल्या नाचायच्या जॅझच्या जमान्यात किक चारही मात्रांवर पण अगदी हलकी वाजायची, त्याला फेदरिंग म्हणतात. मग १९४० च्या आसपास केनी क्लार्क या ड्रमरने ठेका वर राइड सिंबलवर, म्हणजे काठीने वाजवायच्या मोठ्या धातूच्या झांजेवर नेला आणि पाय मोकळा झाला, मग मध्येच भलत्या जागी एखादा दणका द्यायचा, त्याला बॉम्ब टाकणं म्हणायचे. तिथे ड्रमही छोटा, बरेचदा १८ इंची, रॉकवाल्यांचा २२ नाहीतर २४.

रॉकमध्ये साधारण पहिल्या-तिसऱ्या मात्रेला किक, दुसऱ्या-चौथ्याला स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि किक बास गिटारला चिकटून पाहिजे. कच्च्या बँडचं सगळ्यात आधी इथेच फाटतं. मेटलमध्ये डबल पेडल असतं, दोन्ही पायांनी किक वाजवायची, माझ्या पोटऱ्या दोन मिनिटांत भरून येतात त्यामुळे त्यावर ज्ञान देत नाही.

गंमत डिस्कोची आहे. किक चारही मात्रांवर, म्हणजे कागदावर फेदरिंगसारखंच, पण इथे छातीत धडकली पाहिजे कारण नाचणाऱ्याला ठेका शोधत बसायला लागू नये. हाऊस, टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताने तेच उचललं, फक्त पायाऐवजी मशीन. १९८० मध्ये रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आलं, त्यातली किक लांबवता येते, बूऽऽऽम अशी, हिपहॉपवाल्यांनी ती इतकी ताणली की तीच बासलाइन होऊन बसली, वेगळा बास वाजवायची गरजच नाही.

पण मला सगळ्यात जड गेला रेगे. वन ड्रॉप ठेक्यात पहिली मात्रा चक्क रिकामी आणि किक तिसरीवर, स्नेअरच्या सोबत. बॉब मार्लीसोबत वाजवणारा कार्लटन बॅरेट ऐका, कळेल. आपल्याला समेवर दणका द्यायची सवय, पथकात तर विचारूच नका, त्यामुळे माझा पाय एकवर आपोआप पडायचा. शेवटी मी एक आला की तोंडाने मोठ्याने "नाही" म्हणायला लागलो, रोज तासभर, दोन आठवडे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, तुमचा मुलगा रोज कोणाशी भांडतो हो?