बांबूचे टॉवेल, साडूभाऊ आणि ओला धागा

बांबूचे टॉवेल व मोजे सुती कापडापेक्षा पर्यावरणाला खरोखर चांगले आहेत का, असे आपण विचारले आहे. बांबू चांगला आहे, पण त्या नावाने विकले जाणारे बहुतेक कापड तितके चांगले नाही.

विट्यात तीस वर्षे यंत्रमाग चालवल्यामुळे सूत हाताला लागले की मी ते ओळखतो. दोन दिवाळ्यांपूर्वी सांगलीत साडूभाऊंच्या घरी स्नानानंतर मला एक तलम टॉवेल देण्यात आला आणि त्यासोबत, "हा बांबूचा आहे, यात रसायन नावालाही नाही, तुमच्या कापसावर मात्र किती फवारण्या होतात!" हे व्याख्यानही ऐकावे लागले. मी शिवणीजवळचे लेबल उलटून पाहिले, तर त्यावर बारीक अक्षरांत 'व्हिस्कोस', म्हणजे लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा, असे छापलेले होते. ते दाखवूनही साडूभाऊ ऐकेनात, तेव्हा मी काठाचा सुटलेला धागा ओढून घेतला, त्याचा एक तुकडा कोरडा ताणला आणि दुसरा पाण्यात बुडवून ताणला. कोरडा तुकडा बराच टिकला, ओला मात्र हलक्या झटक्यात तुटला. कापसाचे सूत भिजल्यावर अधिक बळकट होते, तर व्हिस्कोसची ताकद भिजल्यावर जवळजवळ निम्मी होते. हे आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या पोरालाही माहीत असते. मेहुणीताई टॉवेल उसवल्याबद्दल मला अजून सुनावतात, आणि साडूभाऊ "तुम्हाला कापसाशिवाय काही दिसतच नाही" हेच पालुपद आळवतात.

व्हिस्कोस तयार करताना बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात आणि तयार झालेला दाट द्राव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडून त्याचा धागा बनवतात. लगदा निलगिरीचा असो वा बांबूचा, शेवटी हाती येते ते एकच रेयॉन; व्हिस्कोस हा त्याचाच प्रकार. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला व हृदयाला घातक असते. 'बांबूमुळे कापड जंतुरोधक होते' हा दावाही याच प्रक्रियेत विरघळतो. रेयॉनला बांबूचे कापड म्हणून विकल्याच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केलेल्या कारवाईत २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. साडूभाऊंना मी ही बातमी पाठवली होती. उत्तर आले नाही.

आता माझ्या विरोधात जाणारेही सांगतो. कापसावर फवारण्या होतात आणि त्याला पाणीही लागते, हे साडूभाऊंचे म्हणणे खरे आहे. बांबू कंदातून पुन्हा फुटतो, त्यामुळे दरवर्षी नांगरून नव्याने लावावा लागत नाही, आणि त्याला फवारणीही फारशी लागत नाही. लेबलवर 'लायोसेल' असेल तर तो धागा बराच बरा; तोही लगदा विरघळवूनच बनतो, पण त्यात वापरलेला द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवून पुन्हा वापरता येतो. यंत्राने तंतू काढून विणलेले खरे बांबू-लिनन जाडेभरडे व महाग असते आणि क्वचितच मिळते. तुमच्या मऊ मोज्यांत ते असण्याची शक्यता मला दिसत नाही.

तेव्हा लेबलच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू वाचा आणि 'व्हिस्कोस' किंवा 'रेयॉन' दिसल्यास बांबूच्या नावाचे जास्तीचे पैसे मोजू नका. सुती टॉवेल घ्या आणि तो विरेपर्यंत वापरा. साडूभाऊंच्या त्या टॉवेलचे आता पायपुसणे झाले आहे, हे मी मागच्या महिन्यात स्वतः पाहिले.