खासगी एनपीएम पॅकेज इन्स्टॉल करताना फक्त माझ्याकडेच ४०४ (‘सापडले नाही’ ही त्रुटी) का येतो?
इंदूरला खंडवा रोडवरील आपल्या कार्यालयात सहकाऱ्याच्या संगणकावर तेच पॅकेज बसते, हे आपण सांगितल्यामुळे पॅकेजचे नाव बरोबर आहे असे धरून चालू. ओळख पटली नाही किंवा परवानगी नसली, तर एनपीएमची रजिस्ट्री (जावास्क्रिप्टची पॅकेजेस पुरवणारा सर्व्हर) खासगी पॅकेज अस्तित्वातच नसल्यासारखे उत्तर देते, कारण ‘आहे, पण आपल्याला मिळणार नाही’ एवढे सांगणेही गुप्तता मोडणारे ठरते. ४०१ (‘अधिकृत नाही’ ही त्रुटी) आला असता, तर टोकन (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त किल्ली) चुकीचे आहे किंवा त्याची मुदत संपली आहे, असा संशय घ्यावा.

प्रथम ‘एनपीएम हूॲमआय’ (npm whoami) ही, आपण कोणत्या नावाने लॉग इन आहोत ते दाखवणारी आज्ञा चालवावी. आपले नाव दिसूनही ४०४ कायम राहिला, तर संस्थेच्या प्रशासकाकडे वाचनाची परवानगी मागावी. नाव दिसले नाही, तर एनपीएमआरसी (.npmrc) ही एनपीएमच्या सेटिंग्जची फाइल पाहावी. ती प्रकल्पात आणि होम फोल्डरमध्ये अशी दोन्हीकडे असू शकते, व एकाच सेटिंगची दोन मूल्ये असल्यास प्रकल्पातले लागू होते. तेथे टोकनच्या जागी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (फाइलबाहेर, टर्मिनलमध्ये ठेवलेले मूल्य) असेल आणि आपल्या टर्मिनलमध्ये ते भरलेलेच नसेल, तर सहकाऱ्याकडे चालणारे आपल्याकडे अडणारच. मात्र कृपया त्यांचे टोकन उसने घेऊ नका. केवळ वाचनापुरते स्वतःचे टोकन तयार करा आणि ते गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) कधीही जाऊ देऊ नका.