कार्पेट बदलायचं आहे, काम कोणाला द्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मध्य न्यू जर्सीत सत्तरच्या दशकातलं घर घेतलंय. वरच्या तीन बेडरूम आणि जिना यांचं कार्पेट बदलायचंय. खालच्या फॅमिली रूमच्या कार्पेटला लाटा आल्यात, आणि देवघरापाशी निरांजन कलंडून तळहाताएवढी जागा जळलीय. मोठं दुकान 'इन्स्टॉलेशन फुकट' म्हणतंय, ओळखीतून मिळालेला माणूस निम्म्या पैशांत पण रोखीने करून देतो म्हणतोय, आणि तिसऱ्या कंपनीचं एस्टिमेट सगळ्यात चढं आहे.

तिघांना पहिला प्रश्न एकच विचारा: माझ्या घरी गुडघे टेकून काम करायला प्रत्यक्ष कोण येणार आहे? दुकानात गोड बोलतो तो विक्रेता असतो, माप घ्यायला दुसराच येतो आणि कामाच्या दिवशी दारात उभा राहतो तो तिसरा. हा तिसरा बहुतेक वेळा सबकॉन्ट्रॅक्टर असतो आणि त्याला मजुरी जितके यार्ड कार्पेट बसवेल त्यावर मिळते. म्हणजे जितक्या लवकर आवरेल तितका त्याचा फायदा. यात त्याचा दोष नाही, पण घाईत केलेलं काम दोन उन्हाळ्यांत दिसायला लागतं. काम उत्तम करणारे सबकॉन्ट्रॅक्टरही पुष्कळ आहेत, म्हणून दुकानाला स्पष्ट सांगा की इन्स्टॉलर कोण, तो किती वर्षं तुमच्याकडे काम करतोय आणि नंतर तक्रार आली तर दुरुस्तीला कोण येणार, हे लेखी हवं. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याचं नाव यादीतून खोडा.

दुसरा प्रश्न: पॉवर स्ट्रेचर आणणार का? माझ्या मते सगळ्या निवडीचा निकाल या एका प्रश्नावर लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्पेट भिंतीच्या कडेने ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवर, म्हणजे टॅक स्ट्रिपवर, अडकवलेलं असतं. त्या पट्टीतले खिळे भिंतीकडे झुकलेले असतात, आणि कार्पेट ताणून त्यांच्यावर बसवलं की ते सैल पडत नाही. ताणायची साधनं दोन. एक नी किकर: हातभर लांबीचं, पुढे दात आणि मागे गादी, तिच्यावर गुडघ्याच्या वरच्या भागाने धक्का मारायचा. दुसरा पॉवर स्ट्रेचर: नळ्या जोडत जोडत त्याचं शेपूट समोरच्या भिंतीला टेकवतात आणि तरफ दाबली की दातांचं डोकं कार्पेटला एकसारखं खेचतं, आधी लांबीकडे आणि मग रुंदीकडे. किकर हा कडा जागेवर बसवायला, कोपऱ्यात, क्लोजेटमध्ये आणि जिन्यावर वापरायचा. अख्खी बेडरूम नुसत्या किकरवर ताणली तर त्या दिवशी झकास दिसते, पण पुढच्या दमट जुलैत मधोमध लाट उठते. तुमच्या फॅमिली रूमचं बहुधा हेच झालंय. जॉर्जियातल्या डाल्टनमध्ये मुख्यालय असलेल्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटच्या मानकातही अशा ताणून बसवायच्या कामाला पॉवर स्ट्रेचर सांगितलेला आहे, आणि कार्पेट कंपन्या सुरकुत्यांची तक्रार आली की आधी हेच पाहतात. तेव्हा 'खोली लहान आहे, गरज नाही' हे उत्तर मान्य करू नका.

यात त्या माणसाचाही विचार आहे. दिवसभर गुडघ्याने धक्के मारून या कारागिरांचे गुडघे कायमचे जातात. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९० मध्येच त्याबद्दल इशारा देऊन किकरऐवजी पॉवर स्ट्रेचर वापरा असं सांगितलं होतं. आपल्या घरात काम करणाऱ्याने योग्य अवजार वापरावं असा आग्रह आपणच धरायला हवा.

आता कागदपत्रं. न्यू जर्सीच्या नियमांत भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट हे नाव घेऊन होम इम्प्रूव्हमेंटमध्ये धरलेलं आहे. म्हणजे काम करणाऱ्याची डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे, म्हणजे राज्याच्या ग्राहक विभागाकडे, नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक '१३ व्हीएच'ने सुरू होतो आणि डिव्हिजनच्या साइटवर तो तपासता येतो. काम ५०० डॉलरच्या वर गेलं की करार लेखीच लागतो. त्यात एकूण किंमत, कामाचं वर्णन, सुरू आणि संपायच्या तारखा, नोंदणी क्रमांक आणि सोबत लायबिलिटी इन्शुरन्सची प्रत हवी. कराराची प्रत मिळाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता. तुमच्या ओळखीच्या माणसाकडे हे सगळं असेल तर रोखीचा मुद्दा गौण आहे, त्याला खुशाल विचारात घ्या. नसेल तर नको. ओळखीतला आहे म्हणून विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण त्याच्या हातून बेसबोर्ड हीटरचा, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या हीटरचा, गरम पाण्याचा पाइप फुटला तर खालचं सीलिंग तुमचं खराब होणार आहे.

दर पाहताना एकूण आकडा पाहू नका, तो फोडून मागा: कार्पेट, पॅड (कार्पेटखालची गादी), मजुरी, जुनं उचलून नेणं, फर्निचर हलवणं, जिना पायरीमागे किती, दारातल्या धातूच्या पट्ट्या. 'फुकट इन्स्टॉलेशन'मध्ये यातलं बरंचसं बाहेर असतं, आणि जे आत असतं ते कार्पेटच्या भावात आलेलं असतं. तीन एस्टिमेट अशी शेजारी मांडलीत की चढं वाटणारं अनेकदा चढं राहत नाही.

मापातही फरक पडतो, आणि इथे आपले लोक हमखास गोंधळतात. कार्पेट बहुतेक १२ फुटी रुंदीच्या रोलमध्ये येतं, काही प्रकार १५ फुटीतही मिळतात. समजा तुमची मोठी बेडरूम १३ बाय १४ आहे, म्हणजे १८२ चौरस फूट. कडा कापायला अर्धा फूट जादा धरून १२ फुटी रोलमधून साडेचौदा फूट कापलं की १७४ झाले, पण एका कडेला फूटभर पट्टी उघडी राहते. ती भरायला आणखी ५ फूट घेऊन त्याचे तीन पट्टे जोडले तर एकूण २३४ चौरस फूट लागतं, आणि एका लांब जोडाखेरीज आणखी दोन आडवे जोड येतात. पट्टी अखंड हवी असेल तर पुन्हा साडेचौदा फूट कापावं लागतं, म्हणजे ३४८. त्यातला उरलेला माल जिन्याला किंवा क्लोजेटला वापरता येतो. तेच कार्पेट १५ फुटीत मिळत असेल तर साडेतेरा फूट पुरतं, म्हणजे साधारण २०३ चौरस फूट आणि जोड एकही नाही. म्हणून ज्याचं माप मोठं आलंय तो लुबाडतोय असं लगेच समजू नका. प्रत्येकाकडून सीम डायग्राम मागा, म्हणजे जोड कुठे येणार त्याचं रेखाचित्र. जोड दारातून आडवा नको, चालायच्या वाटेवर नको, आणि शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने असावा, नाहीतर उजेड आडवा पडून रेघ उठून दिसते. जोडाच्या दोन्ही बाजूंचे धागे एकाच दिशेला झुकलेले हवेत. कापलेल्या कडांना, खालून जोडाची टेप लावण्याआधी, सीम सीलर (धागे धरून ठेवणारा गोंद) लावणार का, हेही विचारा. वेळ वाचवायला हीच पायरी सगळ्यात आधी गाळतात आणि मग जोडावरून धागे सुटतात.

पॅडबद्दल थोडक्यात. जाड आणि मऊ पॅड पायाला छान लागतं, पण त्यावर कार्पेट वरखाली होत राहतं आणि त्याची पाठ, म्हणजे खालचा थर, लवकर सुटते. ७/१६ इंचापेक्षा जाड घेऊ नका. रीबॉन्ड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेलं पॅड, घेत असाल तर बेडरूमला घनफुटामागे ६ पौंड घनता ठीक, जिन्याला आणि सतत वावर असलेल्या खोलीला ८ पौंड. पैसे कुठे वाचवायचे असतील तर कार्पेटची एक पायरी खाली उतरा, पॅडची नको.

धाग्याच्या प्रकारांत मी शिरत नाही. आपल्या घरासाठी एक परीक्षा मात्र करून बघा. आवडलेल्या दोन-तीन प्रकारांचे नमुने घरी आणा, त्यांवर हळद घातलेली तेलाची फोडणी सांडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी धुवून बघा. विक्रेत्याचं 'स्टेन प्रूफ' हळदीला किती लागू पडतं ते तिथेच कळेल.

हे सगळं करायच्या आधी क्लोजेटच्या कोपऱ्यात पक्कडीने कार्पेट अलगद उचलून खाली काय आहे ते बघा. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत बेडरूमच्या कार्पेटखाली ओकची लाकडी जमीन झाकलेली सापडते. तशी निघाली तर तीनही खोल्यांना कार्पेट हवंच का, याचा विचार जरूर करा. खालच्या मजल्यावर मात्र सावध राहा. काँक्रीटवर ९ इंच बाय ९ इंचाच्या जुन्या टाइल्स आणि काळा गोंद दिसला तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. धक्का न लावता त्या तशाच असल्या तर सहसा धोका नसतो, पण टॅक स्ट्रिपचे खिळे ठोकले किंवा टाइल्स खरवडल्या की तंतू हवेत जातात. तुमच्या घराच्या वयाला ही शंका रास्त आहे. नमुना स्वतः फोडून काढू नका, प्रमाणित तपासनीसाला बोलवा, आणि त्याचा निकाल हाती येईपर्यंत खालच्या मजल्यावर कोणालाही काम सुरू करू देऊ नका.

आता दुरुस्ती. लाटा आलेलं कार्पेट पुन्हा ताणून घेता येतं, आणि ते नवं घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पण त्याआधी एका कोपऱ्यात पाठ तपासा. कार्पेटला खाली दोन थर असतात, लॅटेक्सने चिकटवलेले. ते थर हाताने सहज सुटत असतील, किंवा खाली पांढरी भुकटी पडलेली असेल, तर चिकटपणा संपला. असं कार्पेट ताणून उपयोग नाही, काही महिन्यांत पुन्हा तेच होतं. तो खर्च करू नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

जळलेली जागा साफ होणार नाही, कारण धागा वितळून कडक झालेला असतो. तिथे ठिगळच लावावं लागतं. चांगला कारागीर डागाभोवती धाग्यांच्या ओळी उघडून ओळीतूनच कापतो, क्लोजेटच्या मागच्या कोपऱ्यातून तेवढाच तुकडा घेतो, हात फिरवून धाग्याचा झुकाव जुळवतो, कडांना लॅटेक्स लावतो आणि खालून टेपने बसवतो. क्लोजेटमधला तुकडा उन्हाने विटलेला नसल्यामुळे आधी जरा गडद दिसेल, पण वावराने ते बरंच मिसळतं. दुरुस्तीवाल्यांचे एका फेरीचे किमान पैसे ठरलेले असतात, म्हणून ताणणं आणि ठिगळ एकाच फेरीत करून घ्या. बोलावताना इन्स्टॉलेशनवाल्यापेक्षा दुरुस्तीच करणारा माणूस शोधा. हे हात वेगळेच असतात. आधी केलेल्या ठिगळाचे फोटो मागितले तर तो आनंदाने दाखवतो.

कामाच्या आधी घरात रंगकाम असेल तर ते उरकून घ्या. नवं कार्पेट आणि घर दोन्ही दोन दिवस आधीपासून ६५ ते ९५ फॅरनहाइटच्या दरम्यान हवीत. डिसेंबरच्या थंडीत ट्रकमधून उतरवलेला रोल लगेच अंथरू देऊ नका. जुनं कार्पेट निघालं की कारागिरांना थोडा वेळ थांबायला सांगून खोलीभर चालून बघा. जिथे जमीन करकरते तिथे स्क्रू मारायची हीच वेळ. कडेने अलार्मच्या किंवा इंटरनेटच्या वायरी गेल्या असतील तर त्या आधी दाखवून ठेवा. दारं घासणार असतील तर ती खालून कापून कोण देणार हे करारात असू द्या, कारण पुष्कळ इन्स्टॉलर ते करत नाहीत.

काम संपल्यावर मजूर गाडीत बसायच्या आत अनवाणी सगळीकडे चाला. भिंतीच्या कडेला खिळा टोचत असेल तर पायाला लगेच कळतं. खिडकीकडे तोंड करून खाली बसा आणि जोड बघा. मधोमध कार्पेट चिमटीत धरून उचला. ते उचललं जायला जोर लागला पाहिजे आणि सोडल्यावर चापकन खाली बसलं पाहिजे. सगळं पसंत पडल्यावरच शेवटचा हप्ता द्या. उरलेले मोठे तुकडे नेऊ देऊ नका, ते तुमच्या पैशांचे आहेत आणि पुढच्या ठिगळाला लागतील. पावती आणि कार्पेटच्या स्टाइलचं व रंगाचं नाव एका पाकिटात ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत ठरावीक मुदतीत, साधारण १२ ते १८ महिन्यांनी, व्यावसायिकाकडून गरम पाण्याने सफाई करून घेण्याची अट असते आणि दाव्याच्या वेळी तिच्या पावत्या मागतात. त्याही त्याच पाकिटात जाऊ द्या.

तिन्ही एस्टिमेट फोडून आली आणि सीम डायग्राम मिळाले की इथे आकडे टाका, जोड कुठे चुकतोय ते मी बघून सांगतो. खालच्या टाइल्सचं मात्र या आठवड्यातच मनावर घ्या.