एप्रिल लागला की गेम बंद पडतो : ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी

आपण भुसावळहून लिहिले आहे की, जानेवारीत सुरळीत चालणारा संगणकावरचा गेम एप्रिलपासून वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडतो. आधी पंख्यांचा आवाज वाढतो, मग चित्र अडखळते आणि शेवटी पडदा काळा होतो. ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) संपले, नवे घ्या, असे दुकानदाराने सांगितले. भाऊ, इतक्यात पैसे घालवू नका. हा क्रम बहुतेक वेळा उष्णतेचा असतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून आधी मोजावे.

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम तापमानाची नोंद दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती नोंद चालू करून गेम सुरू करावा आणि बंद पडल्यावर फाइलच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. कार्डाचे तापमान ८५ ते ९० अंशांच्या आसपास पोहोचून त्याच वेळी क्लॉक (चिपचा कामाचा वेग) खाली येत असेल, तर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत आहे. आपल्याला दिसणारे अडखळणे ते हेच. शेवटच्या ओळीत ६५-७० अंशच असतील, तर मात्र दोष ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) किंवा पॉवर सप्लायकडे शोधावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाची नोंद दिसली की अनेकजण लगेच पॉवर सप्लायवर खापर फोडतात. वास्तविक ती नोंद संगणक रीतसर बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

आता जानेवारी आणि एप्रिल यांतला फरक. कार्डाला थंड करते ती खोलीतलीच हवा, त्यामुळे खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश कार्डही वर चढते. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७४ वर राहणारे कार्ड पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत ८९ वर जाते, आणि त्यात कार्डाचा काही दोष नसतो. बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, त्या आपल्या गावांत हा हिशेब विसरून चालत नाही.

याशिवाय आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट घडते. जिनिंगचा (कापसातून सरकी काढण्याचा) हंगाम दिवाळीपासून पुढे हिवाळाभर चालतो आणि उडालेले कापसाचे तंतू त्याच काळात कॅबिनेटमध्ये साचतात. थंडीमुळे ते जाणवत नाही, एप्रिलमध्ये वसुली होते. आमचे घर एका जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या कार्डाचे पंखे वरून अगदी स्वच्छ दिसत होते. पण पंख्यांचे आवरण काढल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर राखाडी कापसाचा थर गोधडीच्या अस्तरासारखा पसरलेला होता. चिमट्याने एका कडेने उचलला, तर तो अखंड निघाला आणि त्यावर पंख्याचे वर्तुळ उमटलेले होते. त्याआधी मी दोनदा वरून ब्लोअर मारला होता, म्हणजे तो थर मीच आत दाबत होतो. त्या दिवशी ८८ चे ७६ झाले. ब्लोअर वापरायचाच असेल, तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होते. वॉरंटी शिल्लक असेल, तर आवरण काढण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात.

सफाईनंतरही तापमान उतरले नाही, तर, कार्ड दाखवत असेल तर, हॉटस्पॉटचा (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचा) आकडा पाहावा. तो मुख्य तापमानापेक्षा १०-२० अंशांनी जास्त असणे स्वाभाविक आहे. फरक ३० च्या वर गेला, तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक (ॲल्युमिनियमच्या पात्यांचा तो भाग) चिपवर नीट टेकलेले नाही, असे समजावे. पेस्ट बदलताना थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले, तर त्याच जाडीचे बसवावेत. जाड पॅडमुळे हीटसिंक चिपपासून वर उचलले जाते आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून एकदा खेळून पाहावे. दहाएक अंश उतरले, तर कार्ड निर्दोष असून कॅबिनेटमधली हवा कोंडली आहे. टेबलाच्या कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढले तरी पुष्कळ फरक पडतो. झाकण उघडे पाहून खोलीतल्या कूलरचे तोंड मात्र तिकडे वळवू नये. ताट्यांतून येणारी हवा गार असते, पण ओलसर असते, आणि तिच्याबरोबर तुषार आले, तर धुळीचा चिखल होऊन पात्यांत बसतो. कूलर खिडकीत, समोरचे दार उघडे आणि कॅबिनेट झोतापासून दूर, अशी मांडणी ठेवावी.

तात्पुरता उपाय म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यावी याची मर्यादा) ८० टक्के करावी आणि फ्रेम सेकंदाला ६० वर बांधाव्यात. त्याने गेम बंद पडायचा थांबला, तरी दोष उष्णतेचाच होता असे त्यावरून ठरत नाही, कारण भार कमी झाल्याने अशक्त पॉवर सप्लायही तग धरतो. निवाडा त्या फाइलच्या शेवटच्या ओळींवरच करावा. उष्णतेवर शिक्कामोर्तब झाले, तर सफाई करून पाऊस पडेपर्यंत ही मर्यादा तशीच ठेवावी आणि मग पुन्हा १०० वर न्यावी.